पळपुट्याचे हात

सतरा हे काही कुणाचं खरं नाव नसतं. ते त्याला बापानं ठेवलं. सतरावी नोकरी सोडून लेक घरी आला, तेव्हा म्हातारा हातातलं भिंग बाजूला ठेवून म्हणाला, "या, सतरा! चहा घेणार का, की तोही अर्धाच सोडून जाणार?" तेव्हापासून अख्खी गल्ली त्याला सतराच म्हणायला लागली. बायको तेवढी रागावली की म्हणायची, एरवी नाही.

आता तो आळशी होता म्हणाल, तर तसं अजिबात नाही. बेकरीत त्यानं पीठ मळलं, कुलूपवाल्याकडे किल्ल्या घासल्या, न्हाव्याकडे दाढ्या केल्या, दवाखान्यात पट्ट्या बांधल्या. कुठलंही काम चार महिन्यांत असं शिकायचा की मालक बघत राहायचा. पण काम जमलं रे जमलं की याचं चित्त उडालंच म्हणून समजा. अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

यातली पहिली नोकरी होती बापाच्याच दुकानात, आणि खरी मेख तिथेच होती. म्हातारा घड्याळजी. चाळीस वर्षं एकाच स्टुलावर बसलेला. लेक दुकान सोडून गेला ते त्याच्या इतकं जिव्हारी लागलं, की त्यानंतर त्यानं लेकाला आपल्या कामाच्या टेबलाला हात लावू दिला नाही. आता नजर अधू झाली होती, दुकान बंद होऊन टेबल घरातल्या खिडकीशी आलं होतं, तरीही नाही.

म्हाताऱ्याचा एकच शौक होता. दर आठवड्याला संध्याकाळी सात वाजता टीव्हीवर लागणारी 'हुलकावणी' मालिका. एक अचाट डोक्याचा माणूस, मागे पोलीस. दर भागात नवं गाव, नवं खोटं नाव, नवा धंदा. कधी डॉक्टर, कधी बेकरीवाला. कुणा बदमाशाला धडा शिकवायचा आणि पोलीस दारात येईपर्यंत पसार. म्हातारा त्याला लाडानं पळपुटा म्हणायचा.

"काय डोकं आहे लेकाचं! आणि हात बघ, हात!" असं म्हणून तो मागे वळायचा. "नाहीतर आमचं हे ध्यान."

ध्यान मुकाट्यानं जेवत असायचं. कारण ते हात त्याचेच होते.

मालिकेचा नट दिसायला राजबिंडा, पण त्याला बाटलीचं बूच धड उघडता येत नव्हतं. म्हणून कॅमेरा हातांवर आला की नट उठायचा आणि त्याच बाह्यांचा कोट चढवून सतरा बसायचा. टाके घालायचा, कुलपं उघडायचा, पीठ मळायचा. तीन वर्षं झाली, ही अठरावी नोकरी त्यानं सोडली नव्हती. दर भागात नवा धंदा, मग कंटाळा येणार कुठून? पण करारात स्पष्ट लिहिलेलं होतं. हात कुणाचे, हे बाहेर फुटलं की काम गेलं. घरी त्यानं सांगितलं होतं, सामान उचलतो.

बायकोला माहीत होतं. ती म्हणायची, "अहो, बाबांना तरी सांगून टाका ना."

"बाबांच्या तोंडात तीळ भिजत नाही. ही नोकरी गेली तर मला दुसरी नकोय गं."

खरं तर जीव तीळतीळ तुटत होता. बापानं एकदा, फक्त एकदा शाबास म्हणावं. म्हणत होताच की दर आठवड्याला, पण भलत्याला.

मग शूटिंगला तो भाग आला. पळपुटा घड्याळजी होतो. वीस वर्षांनी सतरानं चिमटा हातात घेतला, आणि चाक उचलण्याआधी त्याचं टोक डाव्या अंगठ्याच्या नखावर दोनदा टकटक आपटलं. टोकाला कण चिकटला असेल तर पडावा, म्हणून. ही बापाची खोड. लेकालाही लहानपणी बोटांवर पट्टी मारून लावलेली.

"हे काय होतं?" दिग्दर्शकानं विचारलं.

"सवय. परत घेऊ या का?"

"छे, छान दिसतंय. राहू दे."

घरी येताना सतराच्या लक्षात आलं, घोळ झालाय. इतक्या दिवसांत म्हाताऱ्यानं हात ओळखले नव्हते. घोड्याएवढ्या पोराचे हात कोण निरखून बघतो? पण ही टकटक तो झोपेतही ओळखेल.

तो भाग टीव्हीवर लागला त्या दिवशी नेमक्या शेजारच्या शिवणवाल्या काकूही आल्या होत्या. त्यांना कळलं म्हणजे सगळ्या गल्लीला कळलं. पडद्यावर हात आले. चिमटा. टक, टक.

म्हाताऱ्याचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सतरा फरशीकडे बघत बसला.

"काय बाई हात आहेत या नटाचे!" काकू म्हणाल्या. "कुठे शिकला असेल हो?"

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "शिकवलं असेल कुणीतरी. बापानं असेल." आणि एकदम मागे वळून खेकसला, "ए सतरा! ठोंब्यासारखा बसलायस काय? आवाज वाढव!"

सतरानं आवाज वाढवला.

काकू गेल्या. म्हातारा उठला, खिडकीजवळचा दिवा लावला, टेबलाखालचं स्टूल पायानं बाहेर सरकवलं आणि एक उघडं घड्याळ पुढे ठेवलं.

"बस. चाक बसत नाहीये, मला दिसत नाही हल्ली."

सतरा बसला. नखावर दोनदा चिमटा आपटून त्यानं चाक उचललं. म्हातारा त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता, श्वास रोखून. चाक बसलं, घड्याळ चालू झालं.

"शाबास रे बाळा," म्हातारा म्हणाला. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "पण लोकांसमोर मी तुला सतराच म्हणणार हां. नाहीतर संशय यायचा."