भरती न येणारं पाणी

माझ्या बापाचं नाव दादू. वय पासष्ट झालं तरी गावात लहानथोर सगळे त्याला दादूच म्हणतात. नेरूळच्या खाडीकाठी आमचं कोळ्यांचं गाव. गेल्या दिवाळीला तिथलं घर बिल्डरला दिलं, चार मजली इमारत होणार म्हणून, आणि माझा भाऊ धनेश आईबाबाला कामोठ्याला त्याच्या फ्लॅटमध्ये घेऊन गेला. सातवा मजला. मी रुतिका, लग्न होऊन नेरूळलाच राहते आणि महापेला एका कंपनीत कस्टमर केअरला आहे. दिवसभर फोनवर लोकांच्या शिव्या गोड आवाजात ऐकायच्या, त्यामुळे घरी आले की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात माझं तोंडच नडलं.

आईला फ्लॅट मानवला. आमची आई पुतळाबाई, चाळीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी घेऊन फिरलेली बाई. तिला नळाला गरम पाणी आलं, खाली बसायला बायका मिळाल्या, लिफ्टवाल्या पोरीशी मैत्री झाली. महिन्याभरात तिला भिशीतसुद्धा घेतलं. ती म्हणायची, "आता मना परत चिखलात नको नेव." आणि तिचं काय चुकलं? काहीच नाही.

बाबाचं मात्र अवघड झालं. गॅलरीला कबुतरांसाठी जाळी लावलेली. पहिल्या दिवशी त्याने ती बोटांनी चाचपली आणि म्हणाला, "ह्याला गाठ म्हनतान? कोनी बांधली ही?" मग चार दिवस खुर्चीवर उभं राहून त्याने सगळी जाळी सोडून पुन्हा बांधली. सोसायटीतले लोक कौतुकाने बघून गेले. पाचव्या दिवशी काम संपलं. त्यानंतर तो गॅलरीत बसायला लागला, आणि बसलेलाच राहिला. खाडीवर वाऱ्याशी ओरडून बोलणारा माणूस, त्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचेना. जेवायला दोनदा हाक मारावी लागे.

धनेशला मी फोनवर फाडून खाल्लं. तो म्हणाला, "मग काय करू ताई? जुनी होडी कुजली, फळ्यासुद्धा धड उरल्या नाहीत. खाडीत जाळं टाकलं तर पिशव्या येतात. मी त्याला बूट घेतले, बाग आहे, फिरायला जा म्हणतो, जात नाही." खरं सांगायचं तर धनेश वाईट नाही. पण मला कुणावर तरी चिडायचं होतं आणि तो हाताशी होता.

मग धर्मराज आला. पनवेलच्या पलीकडे डोंगराखाली एक धरण आहे, तिथल्या मच्छीमार संघाचं कामकाज तो बघतो. पूर्वी आमच्या गावात जाळी विणून घ्यायला यायचा, तेव्हापासूनची बाबाशी ओळख. त्यांच्या संघात एका माणसाची जागा झाली होती. अट एकच, स्वतःची होडी हवी. काठावर संघाची खोली होती, आठवड्यातले चार-पाच दिवस तिथे राहता आलं असतं. बाबा आधी तोंड वाकडं करून म्हणाला, "गोड पान्यातली मासली मंजे भिजवलेला कापूस." पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाढी करून, शर्ट घालून, दाराशी चपला शोधत होता.

धनेशने स्पष्ट सांगितलं, "एक सीझन. जमलं तर मी कधी अडवणार नाही. नाही जमलं तर पुन्हा होडीचं नाव काढायचं नाही, बाबा. आम्हालाही घोर लागतो." बाबाने मान हलवली. त्याच्या आयुष्याचं काय व्हायचं ते आता या एका होडीवर होतं, आणि हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

निघताना धर्मराज म्हणाला होता, "दादूकाका, होडी हलकी घ्या. दोघांनी उचलली पाहिजे. आम्ही तर एकेकटे डोक्यावर नेतो." बाबा हसला. "होरी डोक्यावर? होरी मंजे काय पाटी हाय?" मीही हसले. आमच्या गावात होडी कुणी उचलत नाही. पाणी येतं, तिला उचलतं. पाणी जातं, तिला चिखलात ठेवून जातं. दिवसातून दोनदा, न चुकता. यात उचलायचं काय आहे?

उरणच्या रस्त्याला फायबरच्या होड्या करणारा एक कारखाना आहे. रविवारी मी बाबाला तिथे नेलं. तिथला पोरगा पार्थ, इंजिनीयर असावा, हातात मोजपट्टी घेऊन मागे मागे फिरत होता. बाबा पहिल्यांदा एका छोट्या पांढऱ्या होडीपाशी थांबला. सपाट तळाची, बारा फुटांची, आखूड. तो आत चढला, एका कडेवर भार देऊन उभा राहिला, मग दुसऱ्या कडेवर. खाली उतरून एका हाताने तिचं टोक उचललं. उचललं गेलं. त्याने माझ्याकडे बघितलं. "धर्मराज बोलला तशीच हाय."

आणि मी काय बोलले? मी म्हणाले, "बाबा, हे काय आहे? यात कपडे भिजवायचे का?"

पार्थ म्हणाला, "मॅडम, धरणासाठी, तलावासाठी हीच जाते."

झालं. माझं डोकं फिरलं. मी त्याला म्हणाले, "दादा, आमच्या सात पिढ्या पाण्यात गेल्या. तुम्ही मोजपट्टी सांभाळा, होडी आम्हाला शिकवू नका." बिचारा मोजपट्टी गुंडाळत मागे सरला. खरंतर चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. राग सातव्या मजल्याचा होता, निघाला त्याच्यावर.

शेडच्या टोकाला दुसरी होती. अठरा फुटी, तळाला मजबूत कणा, पुढचं टोक, म्हणजे नाळ, उंच, निळा रंग. अगदी आमच्या जुन्या होडीसारखी. तिच्यात बाबा उभा राहिलेला मला डोळ्यांसमोर दिसला, लुंगी खोचलेला, ओरडणारा, लहानपणी बघितलेला. मला तो बाबा परत हवा होता. मी म्हणाले, "ही बघ. वारा आला तर ही जागची हलणार नाही. ती पांढरी तर पानासारखी उडेल. तुला लोकांसमोर टबात बसवू का मी?"

बाबाचा हात अजून पांढऱ्या होडीच्या कडेवर होता. थोडा वेळ तसाच राहिला. मग तो म्हणाला, "तू सांगतेस तं हीच घेऊ." मला वाटलं, त्यालाही पटलं. परतताना रिक्षात मी एवढी खुशीत होते की त्याला उसाचा रस पाजला.

जानेवारीत टेम्पोने होडी धरणावर गेली. उतरवायला आठ माणसं लागली. धर्मराजने होडीकडे बघितलं, मग बाबाकडे. "काका, नाकापेक्षा मोती जड," एवढंच म्हणाला, पण हसत म्हणाला. आईने हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. बाबाने वल्हं मारलं आणि होडी अशी सरळ आत गेली की काठावरची माणसं बघत राहिली.

त्यानंतरचे साडेतीन आठवडे मी विसरणार नाही. संध्याकाळी फोन यायचा, आणि फोन कानापासून लांब धरावा लागायचा, एवढा आवाज. "आज रोहू गावला, चार किलोचा, बगायला ये गो." आईशी भांडण सुरू झालं, चिलापी माशाचं कालवण कसं करायचं यावरून. आई वैतागायची, पण भांडताना तिचाही चेहरा उजळायचा. धनेश मला म्हणाला, "ताई, तू बरोबर होतीस." हे वाक्य मी आयुष्यात त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

होडी बाबा एका ओढ्याच्या तोंडाशी बांधायचा. तिथे काठ सपाट, पाणी उथळ, वारा लागत नाही. खाडीत आम्ही अशीच जागा बघतो. मी एका रविवारी गेले तेव्हा होडी अर्धी पाण्यात, अर्धी चिखलात कलून बसली होती. मागे डोंगर. मी फोटो काढला आणि स्टेटसला लावला. आमच्या गावातल्या, वाशीगावातल्या, दिवाळे गावातल्या कितीतरी लोकांनी बघितला, बदाम पाठवले. सगळे जातिवंत कोळी. एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. ओहोटीला होडी अशीच तर बसते.

फेब्रुवारीत चुलत भावाची हळद आली. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, घरातला माणूस पाण्यावर जाईल तर लोक नाव ठेवतील. बाबा आठ दिवस गावात त्यांच्याकडेच राहिला. हळदीच्या संध्याकाळी डीजे लागलेला, बाबा नाचून घामाघूम, आणि धर्मराजचा फोन आला. मीच फोन बाबाच्या कानाला लावून धरला होता, त्यामुळे मला स्वच्छ ऐकू आलं. "काका, खालच्या गावांना पाणी सोडलंय. धरण भराभर उतरतंय. होडी आत पाण्यात घ्यायला येताय ना?"

बाबा म्हणाला, "उतरतंय तं उतरू दे रं. येल परत." आणि फोन माझ्या हातात देऊन पुन्हा नाचायला गेला.

मी तिथेच उभी होते. पदवी घेतलेली बाई मी, धरण कशाला म्हणतात ते शाळेत शिकलेली. मला एका क्षणालाही वाटलं नाही की हे चुकतंय. पाणी उतरतं, परत येतं. आमच्या कानांना याखेरीज दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

ते आठ दिवस संपवून बाबा धरणावर गेला तेव्हा होडी आणि पाण्याच्या मधे शंभर पावलं चिखल होता. वरून सुकलेला, आत गुडघाभर. धर्मराजने माणसं जमवली. बारा जणांनी दोर लावला. माणसं रुतली, होडीचा कणा आणखी खोल गेला. ट्रॅक्टर काठाच्या पुढे यायला तयार नाही. चिखल चालण्याजोगा होईपर्यंत पाणी आणखी लांब गेलं होतं. दुसरे लोक रोज सकाळी आपापल्या होड्या डोक्यावर घेऊन तिच्या बाजूने खाली उतरायचे. आता पावसाळ्यापर्यंत ते पाणी तिथे येणार नव्हतं. संघाचा नियम होता, महिनाभर ज्याचं जाळं पडलं नाही त्याची जागा दुसऱ्याला. धर्मराजने आणखी पंधरा दिवस थोपवून धरलं. मग त्याचाही इलाज चालेना.

मार्चच्या शेवटी आम्ही सामान आणायला गेलो, धनेश, मी आणि बाबा. खोलीतली वळकटी, स्टोव्ह, जाळी गाडीत भरली. धनेश उतारावर उभा राहून होडीकडे बघत होता. उन्हाने निळा रंग फिका पडला होता. तो एकदम तापला. "एवढी जड होडी घ्यायला सांगितली कोणी? धर्मराज म्हणाला होता ना हलकी घ्या म्हणून? कोणी निवडली ही?"

कारखान्यातला तो दिवस सगळा पुढे उभा राहिला, पांढऱ्या होडीच्या कडेवरचा बाबाचा हात. तेव्हा मला कळलं. त्याला पटलं नव्हतं. त्याने बरोबर होडी ओळखली होती. पण दिवाळीपासूनचे ते दोन महिने तो कामोठ्यात आमच्या सांगण्यावर राहिला होता, कधी जेवायचं, कुठे बसायचं, कोणते बूट घालायचे, आणि त्या दिवशी मी सांगितलं तर त्याने तेही ऐकलं.

"मी निवडली," बाबा म्हणाला. "मना बरी वाटली."

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी गाडीकडे वळले आणि वळकटी नीट लावायला लागले. अजूनही धनेशला खरं सांगितलेलं नाही. फोनवर अनोळखी माणसाची दिवसाला पन्नासदा माफी मागते मी, इथे एकदाही जमलं नाही.

धर्मराज बाबाच्या पाया पडला. बाबाने त्याला जाळी देऊन टाकली, म्हणाला, "वापर." मग मागच्या सीटवर जाऊन बसला आणि कुणी सांगायच्या आधी पट्टा लावला. धनेशने गाडी सुरू केली. धरण मागे गेलं, पनवेलचा रस्ता लागला.

मग बाबा हळूच म्हणाला, "धनेश, काच जरा खाली केली तं चालंल काय?"

"एसी लावलाय, बाबा," धनेश म्हणाला.

"बरं," बाबा म्हणाला.