राऊत सरांच्या किल्ल्या

शाळेतली मोडकी खुर्चीसुद्धा निर्लेखनाचा ठराव झाल्याशिवाय टाकता येत नाही. आम्हा मुख्याध्यापकांच्या किस्स्यांचंही तेच. टाकायची परवानगी कुणी देत नाही, म्हणून ते साठत जातात. हे त्यातले नेतृत्व प्रशिक्षणाचे. मी बोळिंजची, लोपीस बाई राजोडीच्या आणि राऊत सर उमेळ्याचे. तिघंही जिल्हा परिषदेच्या शाळांचे मुख्याध्यापक, तिघंही एकत्रच गेलो होतो.

*

पत्र आलं तेव्हा आमचा विश्वासच बसेना. पाच दिवसांचं निवासी प्रशिक्षण; राहणं, जेवण, प्रवास, सगळा खर्च सरकारचा! एरवी आम्हाला पत्रं येतात ती 'आज दुपारपर्यंत माहिती सादर करा' अशी. खिचडीपासून नळाच्या तोट्यांपर्यंत सगळ्याची माहिती आम्ही देत असतो. पण आम्हालाच काही शिकवावं आणि त्यावर सरकारनं खर्च करावा, हे नवीन होतं. खोटं कशाला बोलू, छाती जरा फुगली.

लोपीस बाईंना मात्र शंका होती. त्यांनी लगेच केंद्रप्रमुखांना फोन लावला.

"साहेब, सोबत कुठले तक्ते आणायचे?"

"तक्ते नकोत."

"मग काय आणायचं?"

"कपडे."

*

राऊत सर उमेळ्यातल्याच वाडीवाल्या घरातले. वाडीच्या शेजारी सातमजली इमारत उभी राहिली, केळी जाऊन पार्किंग आलं, पण सरांचा एक नेम कधी मोडला नाही. शाळा रोज स्वतःच्या हातानं उघडायची. मुलीच्या लग्नादिवशीसुद्धा आधी शाळा उघडली आणि मग मांडवात गेले. व्याही तोवर ताटकळले होते.

त्यात शाळेची तपासणी तोंडावर आलेली. पथकाचा शेरा चांगला पडला, तर उमेळ्याचं नाव आदर्श शाळांच्या यादीत जाणार होतं आणि दोन नव्या खोल्या मिळणार होत्या. समोरच्या इमारतींतली मुलं रोज व्हॅनमध्ये बसून लांबच्या शाळेत जायची. ती आपल्याकडे यायला हवी असतील तर खोल्या हव्यातच, हे सर जो भेटेल त्याला सांगत. पथक कोणत्या दिवशी येणार, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि अशा वेळी किल्ल्यांचा जुडगा द्यायचा होता शिंदे बाईंकडे! शिंदे बाई त्यांच्या शाळेतल्या सर्वांत नव्या शिक्षिका, पण पाच दिवसांचा प्रभारी कार्यभार त्यांनी आपणहून मागितला होता. सरांनी जुडगा दिला आणि सोबत चार पानी सूचना दिल्या. पहिलीच सूचना अशी: 'किल्ली फिरवताना गेट जरा वर उचलावे. रागावून ओढू नये.'

*

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी चहाची सुट्टी झाली आणि साठेक मुख्याध्यापक एकाच किटलीवर तुटून पडले. राऊत सरांना ते बघवेना. त्यांनी टाळी वाजवली आणि जिल्ह्यातल्या तमाम मुख्याध्यापकांना रांगेत उभं केलं.

तेही उंचीप्रमाणे. मला पाचही दिवस चहा सर्वांत आधी मिळाला.

*

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक मॅडमनी 'टीम' हा विषय घेतला. प्रत्येकानं आपल्या टीमविषयी सांगायचं होतं. कुणी बारा शिक्षक सांगितले, कुणी वीस. लोपीस बाईंची शाळा समुद्रालगत, लहानशी.

"तुमच्या टीममध्ये किती जण?" मॅडमनी विचारलं.

"मी धरून दोन."

"छान! मग दोघींत कामं कशी वाटून घेता?"

"ती बाळंतपणाच्या रजेवर आहे."

*

तिसऱ्या दिवशी मॅडमनी कागद वाटले. डावीकडे आपण शाळेत करतो ती सगळी कामं लिहायची आणि त्यातली दुसऱ्यावर सोपवता येतील ती उजवीकडे. राऊत सरांची डावी बाजू भरली, मागचं पान भरलं, त्यांनी माझ्याकडून आणखी एक कागद घेतला. उजवीकडे बराच विचार करून एकच काम लिहिलं: 'घंटा देणे.'

मॅडम म्हणाल्या, "चला, सुरुवात तर झाली."

जेवून आल्यावर सरांनी तेही खोडलं.

*

चौथ्या दिवशी चहाच्या वेळी, सकाळी वर्गाबाहेर जमा केलेले मोबाईल परत मिळाले, आणि आमच्या ग्रुपवर केंद्रप्रमुखांचा मेसेज दिसला: 'उमेळे शाळेत पथक दाखल.' राऊत सरांचा चेहरा उतरला. त्यांनी शिंदे बाईंना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. सात वेळा झालं तसे सर खोलीवर गेले आणि बॅग घेऊन थेट गेटकडे निघाले.

लोपीस बाई आणि मी मागून धावलो. एक दिवस बुडला तरी प्रमाणपत्र मिळणार नाही, असं मी सांगून पाहिलं. प्रमाणपत्र घाला चुलीत, असं सर म्हणाले. मग लोपीस बाईंनी त्यांच्या हातातली बॅग काढून घेतली.

"सर, दोन वर्षं त्या बाईला तुम्हीच तयार केलंत ना? मग तुमचा भरवसा तिच्यावर नाही की तुमच्यावर नाही?"

सर बराच वेळ गेटपाशी उभे राहिले आणि मग वर्गात येऊन बसले. हातात पेन होतं, पण दिवसभर एक अक्षर लिहिलं नाही. पोरांच्या दोन खोल्या जातात की काय, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं, आणि ते बघून आमचाही जीव कासावीस झाला.

संध्याकाळी शिंदे बाईंचा फोन आला. सगळं नीट झालं म्हणाल्या. फोन का उचलला नाही, असं सरांनी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"सर, तुमची सूचना आहे ना, पान तीन. 'शाळेच्या वेळेत मोबाईल कपाटात.'"

*

परतल्यावर सोमवारी सर नेहमीच्या वेळी शाळेच्या गेटपाशी पोचले. किल्ली शिंदे बाईंकडे! बाई स्कूटीवरून येईपर्यंत सर मुलांबरोबर बाहेर उभे राहिले. नोकरीत पहिल्यांदाच. बाईंनी गेट जरा वर उचललं, किल्ली फिरवली आणि जुडगा सरांपुढे धरला. सरांनी तो घेतला नाही.

महिन्याभरानं यादी लागली, उमेळ्याचं नाव त्यात होतं. आम्ही तिघांनी पेढे वाटले. माझ्या शाळेतही वाटले, कारण अभिमान मला माझ्या शाळेइतकाच वाटत होता.

पुढे कार्यालयाचं नेहमीसारखं पत्र आलं: नेतृत्व प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राची प्रत आज दुपारपर्यंत सादर करा. आम्ही झेरॉक्स काढून दिल्या. केंद्रप्रमुख गठ्ठा चाळता चाळता थांबले आणि एक कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

राऊत सरांनी प्रमाणपत्र दिलंच नव्हतं. शाळेच्या शेरेबुकातल्या एका पानाची झेरॉक्स दिली होती. त्यावर पथकाच्या साहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'मुख्याध्यापक प्रशिक्षणास गेले होते. त्यांची उणीव कुठेही जाणवली नाही.'

खाली शाळेचा गोल शिक्का होता, सरांची सही होती आणि ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सत्यप्रत.'