पुढच्या चाकाचं बेअरिंग

सकाळी साडेनवाला हिंगणीहून निघाले तेव्हा आमची जुनी व्हॅन अंगणात तीन चाकांवर उभी होती. चौथ्या चाकाच्या जागी बाभळीचा ओंडका होता. माझ्या पिशवीत लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं जुनं बेअरिंग होतं. ज्या लोखंडी कडीवर चाक फिरतं ते हे. ते खराब झालं की चाक घूं घूं करतं. आमचं महिनाभर करत होतं. मी मागच्या सीटवरून दोनदा सांगितलं. हे म्हणाले, टायर घासला असन. मग मी सांगणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी तळेगावला जाऊन लेकीला, शुभांगीला, आणायचं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्याचा तो शेवटचा दिवस होता. आठवा लागला की आमच्यात पोरीला घरातून हलवत नाहीत. मग थेट नववा, आणि नवव्यात एवढा लांबचा रस्ता नको. एसटीनं आणू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. लग्नाची तिथी असल्यानं गावातल्या भाड्याच्या गाड्या गेलेल्या, गाडीचा मिस्त्रीही लग्नाच्या वऱ्हाडातच. शुभांगी फोनवर कधी काही मागत नाही. या वेळी म्हणाली, "आई, येशीन नं नक्की?"

"मी गेलो तं हे जाम झालेले नट कोन सोडवन?" हे चाकाजवळ बसूनच बोलले. "तूच जा. पुढच्या चाकाचं म्हनजो (म्हण). अन् जुनं वापस आनजो, त्यानंच नवं ठोकून बसवा लागते."

घरात फोन एकच. तो यांना हवा होता. त्यात बघून बघूनच ते चाकामागचं एकेक खोलत होते.

एसटीत सेलूपर्यंत उभीच होते. पुढे खिडकीची जागा मिळाली. दोन्हीकडे कापूस फुटलेला, वेचणीच्या बायांच्या रांगा, तुरीला पिवळी फुलं. एरवी मी डोळे भरून बघितलं असतं. त्या दिवशी प्रत्येक थांब्यावर वाटायचं, उतरणाऱ्यांनी जरा घाई करावी.

वर्ध्याला याआधी एकटी दोनदाच गेलेली, दोन्ही वेळा दवाखान्यात. विचारत विचारत गाड्यांच्या पार्टच्या दुकानाशी पोहोचले. काचेच्या काउंटरला सहा-सात माणसं टेकलेली. बाई एकही नाही.

"बोला ताई."

मी बोलले ते मलाच ऐकू आलं. दुकानदारानं पुन्हा विचारलं. व्हॅनचं बेअरिंग, म्हटलं.

"मांगचं का पुढचं? मांगचंच असन. या गाडीचं मांगचंच जाते."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान डोलावली. ते काळं, तेलकट गाठोडं चकचकीत काचेवर काढून ठेवायची मला लाज वाटली. खोकं घेतलं आणि बाहेर पडले.

रस्त्यात शुभांगीसाठी गोरस पाक (तुपातली खुसखुशीत बिस्किटं) घेतला आणि परतीची बस धरली. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली बघून शेजारची म्हातारी बाई म्हणाली, "काय हाय वं एवढं? दागिना?"

"बेअरिंग."

"पाहू दे बरं. आमच्या म्हाताऱ्याचंबी इंजिन हाय ओलिताचं."

तिनं माझ्याच मांडीवर दोन्ही उघडली आणि नवं उचलून जुन्याजवळ धरलं. "अवं बाई! हे तं धाकलं हाय! आई मागतली अन् पोरगी घेऊन चालली तू!"

मी दोन्ही परत पिशवीत कोंबली. पवनार आलं होतं. "थांबवा," म्हणून मी ओरडले. कंडक्टर म्हणाला, "तिकीट तं सेलूचं हाय." मी उतरलेच. खाली धाम नदीचं पाणी संथ वाहत होतं. पुलाजवळच्या झाडाखाली लोक निवांत शिदोऱ्या सोडून बसले होते. त्यांचा मला राग आला. एका भरलेल्या ऑटोत अर्धी मांडी टेकवून वर्ध्याला परत गेले.

दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, आत जेवणं चाललेली. मी पायरीवर बसले. उठले. परत बसले. उन्हाची तिरीप पायरीवरून सरकत होती. शेवटी शटरवर हात मारला.

"वापस नाई होत, ताई," दुकानदार हात पुसत म्हणाला. "तुम्हीच मांगचं म्हनलं."

"मी नाई म्हनलं. तुम्ही म्हनलं. मी मान हालवली."

आतलं कोणीतरी हसलं. तोही हसला. "मंग काऊन (का) हालवली?"

मी चिंधी सोडली आणि ते काळं बेअरिंग त्याच्या काचेवर ठेवलं. त्यानं ते पुसलं, आकडा वाचला, आधीचं खोकं परत घेतलं आणि दुसरं आणलं. या वेळी मी निघाले नाही. जुनं नव्यावर ठेवून कडेनं बोट फिरवलं, आतूनही फिरवलं. चार माणसं बघत होती. बघू दिलं.

"हे बरोबर हाय," मी म्हटलं.

घरी पोहोचायला साडेचार झाले. "वर्ध्याले गेलती का दिल्लीले?" एवढंच हे बोलले आणि कामाला लागले. नवं बेअरिंग हबच्या (चाकाच्या मधल्या गाभ्याच्या) तोंडाशी, त्यावर जुनं, आणि जुन्यावर हातोडा. एकदा इकडे, एकदा तिकडे, हलक्या हातानं. प्रत्येक ठोक्याला ठण्ण वाजायचं. मी हब धरून बसले होते. ऊन भिंतीवरून उतरत होतं.

"ऐक बरं," हे म्हणाले. "बसलं का?"

"नाई अजून."

आणखी चार ठोके. मग ठण्णचं ठक्क झालं.

"बसलं," मी म्हटलं.

दिवेलागणीला गाडी चारही चाकांवर आली.

पहाटेच निघालो. आर्वीपर्यंत माझं लक्ष रस्त्यावर नव्हतं, खाली चाकाकडे होतं. आवाज नव्हता. महिनाभराची सवय, त्या शांततेवर विश्वास बसत नव्हता. तळेगावला इहीनबाईंनी (विहीणबाईंनी) जेवायला वाढलं आणि वाढता वाढता म्हणाल्या, "आठवा लागूनच गेला म्हना नं. राहू द्या आता, नवव्यात न्या."

शुभांगी दारात उभी होती. माझी मान हलणारच होती. मी ती धरून ठेवली.

"आज सातवाच हाय. आजच नेतो आम्ही."

हे घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले. इहीनबाई उठल्या आणि ओटीचं ताट घेऊन आल्या.

येताना शुभांगी गोरस पाक खात राहिली, मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. एवढ्याशा जिल्ह्यात दोन दिवस फिरले, पण बघितलं काय ते विचाराल तर रस्ता आठवत नाही, दुकानातली ती काच आठवते आणि तिच्यावर पडलेला तेलाचा डाग.

हिंगणीच्या वळणावर यांनी आरशातून बघत विचारलं, "काही आवाज येते का?"

मी बराच वेळ ऐकलं.

"येते. मांगचं चाक, डाव्या बाजूचं. थोडासाच."

या वेळी ते टायर म्हणाले नाहीत. त्यांनी गाडी हळू केली, काच खाली घेतली आणि तेही ऐकू लागले.