हे काय आहे?

मिस्टरांची आठवण गेल्यापासून रोज सकाळी मीच त्यांना पेज भरवते. पहिला चमचा ओठांशी नेला की हे विचारतात, "हे काय आहे?"

"पेज आहे."

पुढच्या चमच्याला पुन्हा तेच.

चर्चच्या संडेस्कूलच्या मुलांना पंचवीस वर्षं यांनीच ही बायबलमधली गोष्ट शिकवली होती. अरण्यात इस्राएल लोकांना सकाळी जमिनीवर पांढरं काहीतरी पडलेलं दिसलं, आणि ते एकमेकांना विचारू लागले, "हे काय आहे?" त्यांच्या भाषेत तेच त्याचं नाव पडलं, मान्ना. त्या दिवसाच्या खाण्यापुरतंच वेचायचं. उद्यासाठी ठेवलं तर त्यात किडे पडायचे.

मला त्या लोकांचा आधार वाटतो. काय खातोय हे न कळताही ते चाळीस वर्षं जगले. माझा धीरही तसाच, कालचा आज उरत नाही. फक्त त्यांना मान्ना रोज सकाळी नवा मिळायचा. मला धीर एखाद्या सकाळी मिळतच नाही. चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, प्रार्थना करा. करते.

आज चौथ्यांदा विचारल्यावर मी म्हटलं, "मान्ना."

हे थांबले. माझ्याकडे बघत राहिले. वाटलं, आठवलं.

मग म्हणाले, "म्हणजे काय?"