उभ्या पिकातून न जाणारा माणूस

महिपती शिरगावातल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहतो, म्हणजे आपल्याच शेताच्या वर, हवेत. खाली आता पार्किंगच्या पांढऱ्या रेघा आहेत, तिथं त्याची चार खाचरं होती. जमिनीच्या बदल्यात दोन फ्लॅट मिळाले. एकात भाडेकरू, दुसऱ्यात तो, बायको काशी आणि मुलगी किर्ती. वय चौपन्न. सोसायटीचा पंप सांभाळायचं काम त्यानं स्वतःहून मागून घेतलं. पूर्वी तो फावड्यानं बांधाला खाच पाडायचा आणि पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरायचं. आता तो बटण दाबतो आणि पाणी सात मजले वर चढतं.

जमीन दिली त्या वर्षी भात कापणीला दहा दिवस उरले होते. ताबा द्यायची तारीख त्यानंच कबूल केली होती. सही करताना त्यानं महिना बघितला, पीक बघितलं नाही. ठरल्या सकाळी मशीन आलं ते सरळ उभ्या भातातून. महिपती बांधावर उभा राहून बघत होता. लोंब्या आधी वाकल्या, मग दिसेनाशा झाल्या. कागदावर सगळं बरोबर होतं.

गेल्या वर्षी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दोन महिने घरात बसायचं होतं. किर्ती अंबरनाथ पूर्वेला एका लहानशा स्टुडिओत जाहिरातींची चित्रं हलती करायचं, अॅनिमेशनचं काम करते. तिच्याकडे गेम खेळायचं यंत्र होतं. "पप्पा, खिडकीतून किती बघणार?" म्हणत तिनं कंट्रोलर त्याच्या हातात दिला.

खेळ तलवारीचा होता. कुठला तरी जुना देश, एकटा योद्धा, डोंगरावर किल्ला. मारामाऱ्या महिपतीला पटकन जमल्या. बोटं जड होती, पण घाई नव्हती, आणि घाई नसलेला माणूस अशा खेळात बराच काळ टिकतो. मग तो एका दरीपाशी आला आणि तिथंच थांबला.

दरीभर पिकलेला भात होता. पिवळा, वाऱ्याला लवणारा. पलीकडच्या टोकाला गवतानं शाकारलेली एक खोप. आणि त्या खोपीकडून, अगदी लांबून, एका बाईचा आवाज यायचा. ती पाखरं हाकत होती. शब्द परक्या भाषेतले होते, पण शेवटी ओढलेला सूर तोच. कुळगावापासून इकडच्या सगळ्या शेतांत तो सूर असायचा. एका खाचरातून कुणी "होऽ हो" केलं की शेजारच्या खाचरातून उत्तर द्यायचंच. नाही दिलं तर समजायचं, राखण करणारा झोपला. दुपारच्या उन्हात ते आवाज शेतावरून शेतावर जात राहायचे, आणि माणूस एकटा असला तरी एकटा नसायचा.

त्या खोपीपर्यंत एकदा जायचं, एवढंच महिपतीच्या मनात बसलं. किल्ल्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

दरीच्या दोन्ही अंगांना मचाणं होती, त्यांवर तिरंदाज. वाट सोपी होती: भातात शिरायचं, वाकून रांगत जायचं, कुणाला दिसत नाही. शाळकरी पोरंही पाच मिनिटांत पार होतात. महिपती बांधावरून चालत जायचा. पंधराव्या पावलाला आरोळी, सोळाव्याला बाण.

"पप्पा, भातात शिरा ना!" किर्ती ओरडायची.

"उभं पीक आहे."

"गेममधलं आहे!"

"असू दे. कुणी तरी लावलंच असेल ना?"

"हो, लावलंय. खुर्चीत बसून, कॉम्प्युटरवर."

"मग? बसून लावलं म्हणून तुडवायचं?"

स्वयंपाकघरातून काशी म्हणाली, "शेत इकलास, नि आता टीव्हीन भात राखतंस. बाण लागतंय ता बरा होतंय."

चार महिने तो बाण खात राहिला. गुडघा बरा झाला, पंपाचं काम पुन्हा सुरू झालं, पण संध्याकाळी अर्धा तास तो दरीच्या अलीकडे उभा असायचा.

मग त्याच खेळाची स्पेशल एडिशन आली. टिनाचा डबा, त्यात कापडावर छापलेला नकाशा, गळ्यात घालायचं पितळी नाणं, चित्रांचं जाड पुस्तक, आणि डिस्कवर जुन्या खेळासोबत एक नवी 'शांत फेरी'. किर्तीनं फोनवर लोकांची मतं ऐकवली. निम्मे म्हणत होते, जुन्याच मालाला नवा डबा, फसू नका. निम्मे म्हणत होते, खरा चाहता असाल तर घ्याच.

"घ्यायचा का?" तिनं विचारलं.

रविवारी महिपती उल्हासनगरला, कॅम्प तीन नंबरात, धर्मेशच्या दुकानात गेला. किर्ती सोबत होती. धर्मेश सिंधी, पस्तिशीचा, गेमच्या डब्यांनी छतापर्यंत भरलेल्या अरुंद दुकानात उंच स्टुलावर बसलेला.

"आओ साईं! स्पेशल? लास्ट दोन पीस आहेत."

महिपतीनं डबा हातात घेतला, उलटा केला, परत ठेवला. "यात बांधावरून पलीकडे जाता येतं का?"

"काय?"

"भाताच्या दरीत. बांधावरून."

धर्मेशनं किर्तीकडे बघितलं. "मॅडम, लोक विचारतात पुतळा आहे का, पोस्टर आहे का. बांध आज पहिली बार ऐकला." मग तो जरा गंभीर झाला. गिऱ्हाईकाचा प्रश्न कसलाही असो, त्याला उत्तर द्यायची त्याच्या घराण्याची सवय होती. "देखो साईं, शांत फेरीत दुश्मनच नाही. बाण मारणार कोण? बांधावरून जा, नाचत जा. नाही आवडलं तर तीन दिवसांत परत आणा. फक्त डब्यातलं सगळं डब्यात पाहिजे."

त्याच संध्याकाळी महिपतीनं शांत फेरी लावली. मचाणं रिकामी होती. तो बांधावर चढला आणि चालायला लागला. पंधरावं पाऊल, सोळावं, सतरावं. किर्ती श्वास रोखून बघत होती. दोन्ही बाजूंना भात वाकत होता, ढगांच्या सावल्या त्यावरून सरकत होत्या, आणि महिपतीचे पाय, सोफ्यावरून खाली सोडलेले, खरे पाय, फरशीवर एकापुढे एक किंचित हलत होते. बांध अरुंद असला की माणूस तसाच चालतो.

खोप आली. दार उघडं होतं. आत चूल होती, विझलेली नव्हती, पेटलेलीही नव्हती. बाहेर पाखरं हाकायची काठी टेकवून ठेवलेली. बाई नव्हती. तो खोपीला फेरी मारून आला. आवाज कुठूनच येत नव्हता, नुसता वारा.

"ती कुठं गेली?"

किर्तीनं फोनमध्ये शोधलं. मग हळूच म्हणाली, "या फेरीत कुणीच नसतं पप्पा. दुश्मन काढताना त्यांनी सगळीच माणसं काढलीत."

महिपतीनं कंट्रोलर खाली ठेवला. पडद्यावर भात डोलत राहिला. कापायला आलेला, आणि कापणारं कुणी नाही.

"असं मी एकदा बघितलंय," तो म्हणाला. "डबा परत देऊन टाक."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतःच डबा भरायला बसला. नाणं मिळालं. नकाशा मिळेना. शोधता शोधता तो भाकरीच्या टोपलीत सापडला. काशीनं त्यात भाकऱ्या गुंडाळल्या होत्या.

"काशे, हा नकाशा आहे!"

"मना काय ठावं? कापड बरा हाय. वाफ धरीत नाय."

डोंगर आणि नद्यांवर भाकरीची ओल उतरली होती. तो नकाशा त्यानं खिडकीच्या गजावर वाळत घातला आणि वाळेपर्यंत करायचं काय म्हणून चित्रांचं पुस्तक उघडलं. तोवर ते त्यानं उघडलंच नव्हतं. तलवारी, घोडे, मुखवटे. मग दोन पानांवर पसरलेली ती दरी, नुसत्या पेन्सिलनं काढलेली, रंग भरायच्या आधीची.

तो वाकला. चष्मा घातला. बांधाच्या पायथ्याशी, बांध आणि भात यांच्या मधे, चित्रकारानं एक बारीक दुहेरी रेघ काढली होती. ती बांधासोबत वळत वळत खोपीपर्यंत गेली होती.

चर.

पीक पिकलं की खाचरात पाणी ठेवत नाहीत. बांधाकडेनं चर काढून ते उतरवून देतात, म्हणजे कापणीला जमीन कोरडी मिळते. त्यानं स्वतः तीस वर्षं असे चर काढले होते. वरून तो दिसत नाही, कारण दोन्हीकडच्या लोंब्या त्यावर झुकतात. पण ज्यानं हे चित्र काढलं, तो कधी तरी कुठल्या तरी शेताच्या कडेला बराच वेळ बसला होता. त्यानं पाणी कुठून जातं ते बघितलं होतं.

किर्ती कामावरून आली तेव्हा महिपती टीव्हीसमोर बसलेला होता. खेळ जुनाच लावला होता, तिरंदाजांचा. बांधाजवळ त्यानं लोंब्यांखाली पाय सोडला. पाय आत गेला. योद्धा पोटावर झोपला, तलवार पाठीशी, आणि चरातून सरकू लागला. वर मचाणावर कुणी तरी खाकरलं. एक काडी मोडली नाही. बांध वळला तसा तो वळला. फार वेळ लागला. चरातला माणूस वेगानं जाऊ शकत नाही.

खोपीपाशी तो उभा राहिला.

बाई होती. म्हातारी नव्हती, तरुण नव्हती. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. काठी उचलून तिनं आकाशाकडे तोंड केलं आणि आवाज दिला. इतक्या जवळून तो पहिल्यांदाच आला. खोली भरून गेली.

"होऽ हो!" स्वयंपाकघरातून उत्तर गेलं.

काशीचं होतं. ती पीठ मळत होती, पाठमोरी. आपण ओरडलो हे तिला कळलं नव्हतं. हात चालू होते. पडद्यावरच्या बाईनं पुन्हा हाक दिली आणि काशीनं पुन्हा उत्तर दिलं, मग थबकली. पिठाचे हात घेऊन दारात आली.

"कोन हाय तिकरं?"

"शेजारीण," महिपती म्हणाला.

किर्तीनं विचारलं, "डबा धर्मेशकडे कधी न्यायचा?"

"राहू दे. एक पान बरं आहे त्यात."

तेवढ्यात फोन वाजला. सोसायटीचा सेक्रेटरी महेंद्र होता. "काका, झोपलात का? टाकी भरून वाहतेय!"

महिपती सज्जात गेला. पंप बंद करायचं राहून गेलं होतं. खाली गाड्यांच्या मधून पाणी पसरत चाललं होतं, पांढऱ्या रेघा बुडवत, उतार जिकडे होता तिकडे. चार खाचरं होती तेव्हाही ते तिकडेच जायचं. संध्याकाळचं आभाळ त्यात उतरलं होतं.

"आलो," तो फोनवर म्हणाला, आणि चपला शोधायला आणखी थोडा वेळ लावला.