डावीकडची चार बोटं

शिवाजी पेठेत अंबादासांचं फ्रेमचं दुकान आहे. एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर अंबादासांना बाहेर यावं लागतं. पण चाळीस वर्षांत तालमीतले पैलवान, फुटबॉलच्या टीमा, लग्नातली जोडपी आणि हार घातलेले वाडवडील असे पेठेतले निम्मे चेहरे त्यांच्या हातून भिंतीवर गेले.

त्यांचा एक हट्ट होता. चित्रातला मुख्य माणूस मधोमध आला पाहिजे. येत नसेल तर कडा कापायची. ग्रुप फोटोतल्या किती मामा-काकांना त्यांच्या सुरीनं अर्धं केलं असेल, देव जाणे. कुणी कुरकुरलंच, तर ते ठणकावून सांगत, "कडंचं कोण बघतंय? बघणाऱ्याची नजर मधीच जाती."

दुसरी रीत वडिलांची. कापलेल्या तुकड्यावर चेहरा असेल तर तो केरात टाकायचा नाही. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा आणि अमावस्येला पंचगंगेवर जाऊन एकेकाला नीट बघून, हात जोडून पाण्यात सोडायचा. नदीत कागद टाकू नयेत हे बायको दर महिन्याला ऐकवायची. अंबादास मान डोलवायचे आणि अमावस्येला डबा उचलायचे.

राजमतीआक्का दुकानात आल्या त्या अमावस्येच्या आठवडाभर आधी. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, माहेर रुकडीजवळचं जैन शेतकऱ्याचं. माहेरून आणलेलं जुनं रंगीत चित्र त्यांनी टेबलावर ठेवलं. मिरजेहून कोल्हापूरला रूळ येत होते त्या काळातलं. रेल्वेच्या कचेरीतला कुणी नकाशे काढणारा त्यांच्या घरी उतरला होता, त्यानं काढून जाताना घराला दिलेलं. मध्ये छोटं इंजिन, त्याच्यापुढं हॅटवाला साहेब, भोवती पाट्यांतून माती वाहणारी माणसं. डावी कड वाळवीनं कुरतडलेली, काच आंधळी झालेली.

"फोटो काढाय गेलं की नुसती काच चमकती," आक्का म्हणाल्या. "माणसं नीट दिसू देत बघा."

अंबादासांच्या लेखी माणूस म्हणजे साहेब. पण साहेब काही मधोमध येईना. मग त्यांनी डावीकडची चार बोटं पट्टी लावून सरळ कापली. वाळवीही गेली आणि साहेबही मध्ये आला.

अमावस्येनंतर दोन दिवसांनी आक्का चित्र न्यायला आल्या. अंबादासांनी फ्रेमवरचं वर्तमानपत्र बाजूला केलं आणि कौतुकाची वाट बघत उभे राहिले. आक्का बघत राहिल्या. मग त्यांनी काचेच्या डाव्या कडेवर बोट टेकवलं.

"हितली बाई कुठं हाय?"

"कुठली बाई, आक्का?"

"बांधावर उभी हुती. कडंवर पोरगं."

ती बाई अंबादासांनी परवाच बघितली होती. घाटावर.

"वाळवी लागलीती त्या बाजूला," ते चाचरत म्हणाले. "आणि सायेब मधी येत न्हवता."

"सायबाचं आणि माझं काय नातं हाय हो? ती माझी पणजी. कडंवर माझं आजोबा. तिची दुसरी तसबीर न्हाय जगात. तुकडा द्या, मी चिकटवून घेती."

अंबादासांचा हात सवयीनं डब्याकडं गेला आणि अर्ध्यावरच थांबला. चाळीस वर्षांत एवढे तुकडे पाण्यात सोडले, पण त्यातलं एकही माणूस कुणाचं होतं असं कधी मनातच आलं नव्हतं.

"नदीत सोडला, आक्का. परवा."

आक्का स्टुलावर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्या सांगू लागल्या. रूळ त्यांच्या रानातून गेले. पणजी विधवा, तिच्याकडून कागदावर अंगठा घेतला. रान गेलं, विहीर रुळांच्या पलीकडं राहिली. घरानं सगळा दोष तिला दिला. तिचं नाव काढायचं नाही असं ठरलं. चित्र मात्र बाहेरच्या सोप्यात टांगलं, कारण त्यात इंजिन होतं. चित्रातली बांधावरची बाई म्हणजे आपली आई, हे आजोबांनी मरताना एकट्या राजमतीला सांगितलं. आता आक्कांच्या मुलानं, वर्धमाननं, कागलला घर बांधलं होतं. रविवारी तिथं चित्र लावून चारचौघांत तिचं नाव सांगायचं, एवढंच आक्कांच्या मनात होतं.

"सोडताना बघितलंत तिला?" त्यांनी विचारलं.

"बघितलं की. बघून, हात जोडूनच सोडतो."

"हात जोडलेत?" आक्कांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "आमच्या घरात तिला कुणी हात जोडलं न्हाईत. मीबी न्हाय."

अंबादासांना ते शब्द थोबाडीत बसल्यासारखे लागले. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. "हिरवं लुगडं हुतं. पोराची मूठ तिच्या पदरात. समदी इंजनाकडं बघत्यात, ती एकटीच लांब पल्याड बघत्या." आपल्याला हे एवढं आठवतंय, याचाच त्यांना धक्का बसला.

दोघांनी एकदमच चित्राच्या उजव्या कडेकडं पाहिलं. रुळांच्या पलीकडं, अगदी काठाला, नखाएवढी विहीर होती. तिकडं सुरी पोचली नव्हती.

"फ्रेम उघडा," आक्का म्हणाल्या. "डावीकडं चार बोटं कोरी जागा सोडा. सायेब सरकू दे बाजूला."

रविवारी अंबादास भीतभीतच कागलला गेले आणि दाराजवळ उभे राहिले. भिंतीवर साहेब एका अंगाला सरकलेला, डावीकडं कोरा पुठ्ठा. आलेला प्रत्येक पाहुणा इंजिनाकडं बघण्याआधीच विचारत होता, हितं रिकामं का सोडलंय?

आणि आक्का दर वेळी, वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात, सांगत होत्या, "तिथं सोनाबाई उभी हाय."

दाराशी अंबादासांनी दर वेळी हात जोडले.