माळावरचा कौल

देवळात तेल-शेंदराचा वास आला की न्हावऱ्याचा तो माळ आठवतो. नव्वदच्या दशकात एक परदेशी निवृत्त फौजी साहेब महायुद्धात बेपत्ता झालेलं विमान शोधत आले होते आणि मी त्यांची दुभाषी होते. धातू शोधणारं त्यांचं यंत्र धनगरांच्या शेंदूर फासलेल्या देवापाशी येऊन एकसारखं किंचाळायला लागलं. साहेब खणायला वाकले तसे देवाचे पुजारी आबा आडवे आले. "आधी कौल लावू. आभाळातनं पडलेला जळका मानूस माझ्या बापानं हितंच पुरलाय. द्येव न्हाई म्हणला आन् तुमी खणलं, तर कुनाची खैर न्हाई." त्यांनी देवाच्या दोन्ही बाजूंना फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. यंत्र बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. डावं फूल हललं. पण ते पडायच्या आत शेंदराचा अख्खा पोपडा सुटला आणि आत दगड नव्हताच, रिव्हेट ठोकलेला विमानाचा पत्रा चमकला. आबांनी हात जोडले आणि खालच्या मातीत पुरलेल्या माणसाला म्हणाले, "लई वर्सं झाकून ठिवला तुला. जा बाबा आता घरी." आजही शेंदराच्या देवापुढे मी हात जोडते, पण डोळे मिटत नाही.